इंदुरात बसून रिमोट वेब डेव्हलपमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोट नोकरी, फ्रीलान्स आणि वर्क फ्रॉम होम या तिन्हींत फरक काय?

वर्क फ्रॉम होममध्ये ऑफिस असतंच, तुम्ही घरी बसलेले असता आणि सोमवारपासून विजयनगरच्या ऑफिसात या म्हटलं की जावं लागतं. रिमोट नोकरीत करारातच कामाची जागा घर असते. पगार मिळतो, पीएफ कापला जातो, फॉर्म १६ मिळतो. फ्रीलान्समध्ये तुम्ही नोकर नसून धंदेवाईक असता. बिल तुम्ही करायचं, कर तुम्ही भरायचा आणि सुट्टीच्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत.

चौथा प्रकार हल्ली बराच दिसतो. परदेशी कंपनी तुम्हाला ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून घेते, पण काम पूर्णवेळ नोकरीसारखंच करून घेते. कायद्याच्या नजरेत हा फ्रीलान्सच. कंपनीला भारतात कार्यालय नसताना खरी नोकरी द्यायची असेल, तर ती ‘डील’ किंवा ‘रिमोट’ अशा नावांच्या मध्यस्थ कंपनीमार्फत देते. अशा वेळी तुमचं नियुक्तिपत्र त्या मध्यस्थाच्या भारतीय कंपनीकडून येतं. ऑफर आली की पहिला प्रश्न हाच विचारा: पगारपत्रक मिळणार की मी बिल पाठवायचं? दहा लाखांची नोकरी आणि दहा लाखांचं कॉन्ट्रॅक्ट या सारख्या गोष्टी नव्हेत. कॉन्ट्रॅक्टमध्ये पीएफ, विमा, रजा आणि लॅपटॉप सगळं तुमच्या खिशातून जातं.

कॉलेज नुकतंच संपलंय. पहिलीच नोकरी रिमोट मिळेल का?

मिळते, पण फार थोड्यांना. नवख्या माणसाला दिवसातून दहा वेळा अडतं. शेजारी कुणी बसलेलं असेल तर दोन मिनिटांत सुटतं, दूरवर असेल तर अर्धा दिवस जातो. कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून रिमोट जाहिरातींत दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात.

एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज किंवा देवी अहिल्या विद्यापीठ यांतून बाहेर पडल्यावर वर्ष-दीड वर्ष इंदूरच्याच एखाद्या साइट्स बनवणाऱ्या एजन्सीत काढणं हा कमीपणा नाही. पगार कमी असतो, पण वर्षात आठ-दहा वेगवेगळ्या साइट्स हाताखालून जातात, ग्राहक कसा बदल मागतो ते कळतं आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायची सवय लागते. सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या आयटी कंपन्यांच्या कॅम्पसमध्ये शिस्त शिकाल, लहान एजन्सीत वेग. रिमोटसाठी दोन्ही लागतात, पण एकच निवडायचं असेल तर लहान एजन्सी. तिथे सर्व्हरपासून बटणाच्या रंगापर्यंत सगळं एकाच माणसाच्या अंगावर पडतं.

नक्की काय येत असलं पाहिजे?

एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि गिट (कोडचे बदल नोंदवून ठेवणारं साधन) ही पायाभरणी. त्यावर एक रस्ता धरा. रिअ‍ॅक्ट, टाइपस्क्रिप्ट आणि नोड हा नोकऱ्यांचा रस्ता. पीएचपी, लॅराव्हेल, वर्डप्रेस आणि शॉपिफाय हा फ्रीलान्सचा. वर्डप्रेसला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील, पण लहान दुकानदार, दवाखाने, शाळा यांची कामं तिथेच आहेत आणि त्यांना दर महिन्याला देखभालीचा माणूस हवा असतो.

रिमोटमध्ये जास्त विचारलं जातं ते कॉलेजात कुणी शिकवत नाही: डेटाबेसमध्ये शोध वेगवान करणारा इंडेक्स कुठे टाकायचा, चाचण्या कशा लिहायच्या, पुल रिक्वेस्टचं (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या या विनंतीचं) वर्णन कसं लिहायचं, लॉग (सर्व्हरने केलेल्या नोंदी) वाचून बिघाड कसा शोधायचा. पाच फ्रेमवर्कची नावं रेझ्युमेत लिहिण्यापेक्षा एकात खोल जा.

पोर्टफोलिओत काय ठेवायचं?

तीन प्रकल्प पुरेत. टू-डू लिस्ट, हवामान अ‍ॅप आणि नेटफ्लिक्सची नक्कल हे तिन्ही काढून टाका. निवड करणाऱ्याने ते शेकड्याने पाहिलेले असतात आणि त्यांतून तुमचं डोकं कसं चालतं ते कळत नाही.

आसपासचा खरा प्रश्न घ्या. समजा, रामबागेतल्या एखाद्या काकू दिवाळीचा फराळ ऑर्डरने करतात. त्यांच्यासाठी ऑर्डर घेणारी साइट करायची. वरवर सोपं वाटतं, पण आत शिरलं की खरे प्रश्न सुरू होतात. चकली अर्ध्या किलोच्या पटीत, लाडू नगावर, रोज फक्त वीस किलोची क्षमता, वसुबारसेनंतर ऑर्डर बंद. दोन गिऱ्हाइकांनी शेवटची दोन किलो शेव एकाच क्षणी मागवली तर? (इथे डेटाबेस ट्रान्झॅक्शन आणि रो लॉक लागतात: एकाचा व्यवहार पूर्ण होईपर्यंत ती नोंद दुसऱ्याला बंद.) ऑनलाइन पैसे घेणाऱ्या रेझरपेच्या टेस्ट मोडमध्ये पेमेंट जोडा. तिथून येणारा वेबहुक (पैसे आल्याचा आपोआप येणारा संदेश) कधीकधी दोनदा येतो. तो ओळखून दुसऱ्यांदा ऑर्डर नोंदवायची नाही हे ज्याने केलंय, त्याला पेमेंट कळतं हे समोरच्याला दोन मिनिटांत दिसतं.

दुसरा प्रकल्प देवनागरी शोधाचा करता येईल. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत) दोन प्रकारे साठवलं जातं: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला वेगळी. त्यामुळे ‘सुऱ्या’ शोधल्यावर यादीतल्या ‘सुऱ्या’ सापडत नाहीत. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एनएफसी नॉर्मलायझेशन (दोन्हींचं एकच रूप करणं) केलं की प्रश्न सुटतो. असा एक बारीक, खरा बिघाड आणि त्याचा उलगडा रीडमीत (प्रकल्पासोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहिलेला असेल, तर तो प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त बोलतो.

प्रत्येक प्रकल्पासाठी इतकं हवंच: चालू असलेली लिंक, तपासणाऱ्यासाठी तयार लॉगिन, रीडमीत चार परिच्छेद (प्रश्न काय, कसा सोडवला, काय जमलं नाही, स्वतःच्या मशीनवर चालवायचं कसं) आणि वेगाचे आकडे. गूगलच्या मोजमापात मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. यातला क्लिकचा निकष मार्च २०२४ पासून बदललाय. जुन्या कोर्सेसमध्ये अजून आधीचाच शिकवतात.

मोफत होस्टिंगवर ठेवलेला सर्व्हर वापर नसला की झोपतो आणि पहिलं पान उघडायला अर्धा मिनिट लावतो. तपासणारा पाच सेकंद थांबतो. लिंक पाठवायच्या आधी हे स्वतः मोबाइलच्या डेटावर उघडून पाहा.

कामं शोधायची कुठे?

नोकरीसाठी लिंक्डइन, वेलफाउंड, वी वर्क रिमोटली, रिमोट ओके. भारतीय कंपन्यांसाठी नोकरी डॉट कॉमवर रिमोटचं फिल्टर. हॅकर न्यूज या प्रोग्रामरांच्या चर्चेच्या साइटवर दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी ‘हू इज हायरिंग’चा धागा निघतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेनऊ. तिथे बऱ्याचदा खुद्द इंजिनिअर जाहिरात टाकतो, एचआरची चाळणी मध्ये नसते. पहिल्या दोन तासांत लिहिलेला अर्ज वाचला जाण्याची शक्यता जास्त.

फ्रीलान्ससाठी अपवर्क आणि फायव्हर. फायव्हर प्रत्येक कामातून २० टक्के कापतं. अपवर्क पूर्वी सरसकट १० टक्के घ्यायचं, २०२५ पासून कामानुसार ० ते १५ टक्के. शिवाय तिथे अर्ज करायला ‘कनेक्ट’ लागतात, एक कनेक्ट १५ सेंटला.

पण सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात जास्त चालणारा मार्ग ओळखीचा आहे. जुन्या एजन्सीतला सहकारी आता पुण्यात किंवा टोरांटोत असतो आणि त्याच्या टीमला माणूस हवा असतो. दर तीन महिन्यांनी अशा पंधरा-वीस जणांना दोन ओळी लिहा: सध्या काय करतोय, कधीपासून मोकळा आहे. ‘काही असलं तर सांग’ एवढंच लिहू नका, त्यावर कुणाला काही आठवत नाही.

जाहिरातीत ‘रिमोट’ लिहिलेलं असतं, तरी अर्ज लगेच नाकारला जातो. असं का?

बहुतेक जाहिरातींतलं रिमोट म्हणजे ‘आमच्या देशात कुठेही’. कर, कामगार कायदा आणि काही वेळा ग्राहकांचा डेटा देशाबाहेर न नेण्याची अट आड येते. जाहिरातीच्या तळाशी ‘यूएस ओन्ली’, ‘ईयू टाइमझोन’, ‘वर्क ऑथरायझेशन’ असे शब्द आधी शोधा. ‘एनीव्हेअर’, ‘वर्ल्डवाइड’, ‘एपॅक’ (आशिया-पॅसिफिक) किंवा ‘चार तासांचा ओव्हरलॅप’ (तेवढा वेळ दोघांनी एकाच वेळी कामावर असणं) दिसला तर अर्ज करण्यात अर्थ आहे. कंपनीच्या टीमच्या पानावर भारतातला एकही माणूस नसेल तर वेळ घालवू नका. एक जरी असला तरी पगार पाठवायची वाट त्यांनी शोधलेली आहे.

अपवर्कवर पन्नास प्रस्ताव पाठवले, एकही उत्तर नाही. कुठे चुकतंय?

पहिल्या दोन ओळींत. ग्राहकाला यादीत तेवढंच दिसतं आणि तिथे तुम्ही ‘माझा अमुक वर्षांचा अनुभव, मी मेहनती आहे’ असं लिहिलेलं असतं. त्याच्या बाजूने पाहा. त्याने लिहिलंय की चेकआउटचं पान मोबाइलवर अडकतं. तुम्ही त्याची साइट मोबाइलवर उघडून, कूपनच्या चौकटीमुळे बटण कीबोर्डखाली जातंय हे पाहून, तेच पहिल्या ओळीत लिहा. दुसऱ्या ओळीत ते कसं सोडवाल. मग असं आधी केलेल्या एका कामाची लिंक. शेवटी एक नेमका प्रश्न. एकूण शंभर-सव्वाशे शब्द.

अर्ज करताना तीन गोष्टी बघा: ग्राहकाचं पेमेंट पडताळलेलं आहे का, त्याने आजवर किती जणांना काम दिलंय आणि आधीच्या लोकांनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय. पंचवीस प्रस्ताव आधीच आलेल्या कामावर कनेक्ट घालवण्यापेक्षा तासाभरापूर्वी टाकलेलं काम शोधा. दिवसाला दोन चांगले प्रस्ताव पुरेत.

तासाच्या कामात अपवर्कचा ट्रॅकर सुरू ठेवा. तो दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एक स्क्रीनशॉट घेतो आणि वाद झाला तर पैशांचं संरक्षण फक्त त्या तासांनाच मिळतं. हाताने भरलेल्या तासांना मिळत नाही. ठरावीक रकमेच्या कामात माइलस्टोनचे, म्हणजे त्या टप्प्याचे, पैसे अपवर्ककडे जमा झाल्याशिवाय काम सुरू करू नका. काम सादर केल्यावर ग्राहक गप्प राहिला तर १४ दिवसांनी रक्कम आपोआप मोकळी होते.

माझं इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

बोलण्यात फारसं नाही, लिहिण्यात अडेल. दूरचा माणूस तुम्हाला पाहत नसतो, तुम्ही लिहिलेलं पाहत असतो, आणि रिमोट कामाचा निम्मा भाग हा असा आहे. छोटी वाक्यं लिहा. बिघाड कळवताना हा साचा वापरा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणत्या ब्राउझरमध्ये. अडल्यावर मदत मागतानाही तसंच: काय करून पाहिलं ते आधी, प्रश्न नंतर. नुसतं ‘हाय’ लिहून उत्तराची वाट पाहत बसणं ही आपल्याकडची मोठी खोड आहे. समोरचा झोपलेला असेल तर एका ‘हाय’मध्ये दिवस जातो.

कॉलवर समजलं नाही तर ‘हो हो’ म्हणू नका. कॉल संपल्यावर ‘मला असं समजलं’ म्हणून चार ओळी पाठवा. चूक असेल तर तिथेच सुधारली जाते.

मुलाखतीत काय करून घेतात?

साधारण चार टप्पे: ओळखीचा अर्धा तास, घरी करायचं काम किंवा समोर बसून कोड, तांत्रिक चर्चा, शेवटी टीमशी गप्पा. घरच्या कामाला चार तासांहून जास्त लागणार असतील तर मोबदला विचारायला हरकत नाही. भल्या कंपन्या देतात. ‘टेस्ट’ म्हणून त्यांच्याच चालू साइटचं पान मागत असतील तर ते फुकटचं काम आहे.

इथे एक धोका नीट समजून घ्या. नोकरीच्या नावाने गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा प्रकल्प पाठवतात आणि चालवून बिघाड शोधायला सांगतात. एनपीएम या साधनाने पॅकेजेस (तयार कोडचे गठ्ठे) बसवताना ‘पोस्टइन्स्टॉल’ नावाची स्क्रिप्ट आपोआप चालते आणि ती ब्राउझरमधले पासवर्ड, क्रिप्टो वॉलेट आणि एसएसएच किल्ल्या (सर्व्हरवर शिरायच्या गुप्त फाइली) उचलू शकते. अनोळखी कोड स्वतःच्या मुख्य मशीनवर कधीच चालवू नका. व्हर्च्युअल मशीन (संगणकातला वेगळा, बंदिस्त संगणक) किंवा क्लाउडवरचा कोडस्पेस वापरा, आधी पॅकेज फाइल वाचा आणि बसवताना ‘इग्नोअर-स्क्रिप्ट्स’चा पर्याय लावा. समोरचा घाई करत असेल, कॉल चालू असतानाच चालवा म्हणत असेल, तर तिथेच थांबा.

दर किती सांगायचा?

दुसऱ्याचा दर विचारू नका, स्वतःचा काढा. समजा, घरखर्च आणि बचत मिळून महिना ७०,००० हवेत, म्हणजे वर्षाचे ८,४०,०००. नेट, वीज, आरोग्य विमा, सीए आणि दर चार वर्षांनी नवा लॅपटॉप यांचे वर्षाला १,४०,००० धरा. एकूण ९,८०,०००. आता तास. आठवड्याला चाळीस तास बसलात तरी बिल होतात पंचवीसच, बाकी वेळ प्रस्ताव, कॉल आणि हिशेबात जातो. वर्षात सहा आठवडे सणवार, आजारपण आणि लग्नकार्यात जाणारच. उरले ४६ आठवडे, म्हणजे १,१५० तास. भागाकार ८५२ रुपये. त्यावर बुडीत आणि रिकाम्या महिन्यांसाठी १५ टक्के धरले की जवळजवळ १,००० रुपये तास. हिशेबाला सोपा म्हणून डॉलर ९० रुपयांचा धरला तर ११ डॉलर.

हा तळ आहे, याखाली गेलात तर बचत खाताय. यात कर धरलेला नाही, आणि या पातळीवर बहुधा लागतही नाही. कारण खाली आयकराच्या प्रश्नात आहे.

ठरावीक रकमेचं काम घेताना अंदाजाचे तास काढा आणि दीडपट करा. प्लगइन, जुनं होस्टिंग आणि ग्राहकाचा मजकूर वेळेवर न येणं यांत वेळ जातोच.

करारात काय पाहायचं?

पैसे किती दिवसांत, काम थांबवायची मुदत किती, किती वेळा बदल फुकट करून द्यायचे आणि कोडची मालकी कुणाची. शेवटचा मुद्दा लोक वाचतच नाहीत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा, फ्रीलान्सरने लिहिलेला फ्रीलान्सरचा, जोवर लिहून देत नाही तोवर. लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच परदेशी करारांत ‘जगभर, कायमस्वरूपी’ असे शब्द असतात, त्यांना बिचकू नका. तुम्ही फक्त एवढं घाला: पूर्ण पैसे मिळाल्यावर मालकी जाईल, आणि आधीपासूनची माझी स्वतःची साधनं माझीच राहतील.

परदेशातून पैसे येतात कसे?

थेट बँकेत स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक व्यवस्थेने, किंवा वाइज, पेओनिअर, पेपॅल यांच्यामार्फत. फीचा आकडा बघून फसू नका, चलनाचा दर बघा. हजार डॉलरवर दर बाजारापेक्षा दोन रुपये कमी दिला की दोन हजार गेले, मग फी शून्य असली काय नि नसली काय. पेपॅल भारतात शिल्लक ठेवू देत नाही, पैसे आपोआप बँकेत टाकतं.

पैसे आल्यावर बँक ‘पर्पज कोड’ विचारते. सॉफ्टवेअर सल्ला आणि विकासासाठी बहुधा पी०८०२ वापरतात. ‘घरखर्चासाठी’ किंवा ‘भेट’ असं चुकूनही निवडू नका. प्रत्येक रकमेचं परकीय आवक प्रमाणपत्र मागून जपून ठेवा, पुढे जीएसटीत तोच पुरावा. गृहकर्जाला बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते आणि तेव्हा नीट आलेला पैसाच उपयोगी पडतो.

अमेरिकन ग्राहक डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागेल. घाबरायचं कारण नाही, तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही एवढंच त्यात सांगायचं असतं. भरल्याच्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत तो चालतो.

आयकर आणि जीएसटीचं काय?

फ्रीलान्सरसाठी १९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडीए सगळ्यात सोयीचं. एकूण आवकेच्या निम्मी रक्कम नफा धरतात, हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. मर्यादा ५० लाख, आणि रोखीची आवक पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, तरी सीएला जुना आकडा सांगितला की कळतं. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे या पद्धतीने २४ लाखांपर्यंतच्या आवकेवर कर येत नाही, दुसरं उत्पन्न नसेल तर. कर लागत असेल तर सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा, नाहीतर व्याज. परदेशी कंपनीने शेअर दिले असतील तर आयटीआर-४ हा सोपा रिटर्न फॉर्म चालत नाही, आणि ते शेअर रिटर्नमध्ये दाखवलेच पाहिजेत.

जीएसटी नोंदणी २० लाखांच्या आवकेनंतर. परदेशातली आवकही त्यात मोजली जाते, हे पुष्कळांना माहीत नसतं. निर्यातीवर कर शून्य आहे, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), म्हणजे आरएफडी-११ फॉर्म भरावा लागतो. विसरलात तर १८ टक्के आधी भरा आणि परताव्यामागे फिरा. राहत्या घराचा पत्ता चालतो. वीजबिल आणि घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र जोडा. मध्य प्रदेशचा जीएसटी क्रमांक २३ ने सुरू होतो.

इंदूरचाच ग्राहक पैसे लटकवतोय. काय करायचं?

आधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ती फुकट आहे आणि ऑनलाइन होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापली की निम्मे पैसे न मागता येतात, कारण ग्राहकाच्या सीएला आयकरातला धोका ठाऊक असतो: मुदत उलटून थकलेलं बिल पैसे देईपर्यंत त्याला खर्चात धरता येत नाही.

आणि डोमेन व होस्टिंग शेवटचा हप्ता मिळेपर्यंत तुमच्या ताब्यात ठेवायचं की नाही, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. मध्येच साइट बंद करून धमकावणं कायद्यानेही अंगाशी येतं आणि राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत नावही खराब होतं.

वेळांचं गणित कसं बसवायचं?

न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. लंडनचे नऊ म्हणजे दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. बर्लिनचे नऊ म्हणजे साडेबारा किंवा दीड. युरोप सगळ्यात सोयीचा, सिडनी सगळ्यात अवघड: तिथले नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन-साडेचार.

घोळ होतो तो मार्चमध्ये. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे नेते, युरोप शेवटच्या रविवारी, आपण कधीच नाही. मधल्या दोन-तीन आठवड्यांत तिघांच्या मीटिंगची वेळ हमखास चुकते. कॅलेंडरमध्ये मीटिंग नेहमी ग्राहकाच्या वेळेत नोंदवा.

अमेरिकेची पाळी घेतलीत तर रात्री अडीचला काम संपतं, हिवाळ्यात साडेतीनला. मधल्या सुट्टीत सराफा, म्हणजे आपला रात्रीचा खाऊबाजार, जागा असतो हे खरं, पण रोज तिथे जेवलात तर वर्षाच्या तपासणीत डॉक्टर विचारणारच. पूर्ण रात्रपाळीपेक्षा रात्री साडेदहापर्यंतचा चार तासांचा ओव्हरलॅप मागा. बऱ्याच टीम तेवढ्यावर राजी होतात.

वीज आणि नेट गेलं तर?

हिशेब करा. लॅपटॉप ६० वॉट, मॉनिटर २५, राउटर आणि फायबरची पेटी १५, पंखा ७०, दिवा १०, एकूण १८०. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात ६० टक्के धरा, म्हणजे सुमारे सहा तास. चार वर्षांच्या जुन्या बॅटरीला निम्मे. इन्व्हर्टरवर यूपीएस मोड लावा, नाहीतर वीज जाताच राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि कॉल तुटतो. राउटरसाठी वेगळा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला तर उत्तमच.

नेटचे दोन मार्ग हवेत आणि ते दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकाच खांबावरून आलेल्या दोन केबल्स पहिल्या वळवाच्या पावसात एकदमच तुटतात, म्हणून दुसरा मार्ग मोबाइलचा ठेवा. महिन्यातून एकदा मुद्दाम फायबर काढून हॉटस्पॉटवर कॉल करून बघा.

सणांच्या गोंगाटात कॉल कसे घ्यायचे?

रंगपंचमीला राजवाडा परिसरात गेर (रंगांची मिरवणूक) निघते आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या (चित्ररथ). त्या भागात राहत असाल तर ते दोन दिवस महिनाभर आधी रजेत टाका, आवाज दाबणारं सॉफ्टवेअर ढोलापुढे टिकत नाही. लग्नसराईच्या बँडसाठी मात्र तोंडाजवळ माइक असलेला तारेचा हेडसेट पुरतो. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा घसरतो.

फसवणूक कशी ओळखायची?

नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, ट्रेनिंगचा खर्च, यातलं काहीही मागितलं तर ते खोटं. मुलाखत फक्त टेलिग्रामवर, ईमेल जीमेलचा आणि पगार बाजाराच्या दुप्पट, हेही तसंच. ‘तुमचं अपवर्क किंवा लिंक्डइन खातं भाड्याने द्या, महिना अमुक देतो’ असे संदेश हल्ली येतात. त्या खात्यावर जे होईल त्याला तुमचं आधार आणि पॅन जबाबदार असतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

नोकरी सांभाळून बाहेरची कामं घेऊ का?

नियुक्तिपत्रातलं ‘एक्स्क्लुझिव्हिटी’चं (फक्त आमचंच काम करायचं, असं सांगणारं) कलम वाचा. असेल तर लेखी परवानगी घ्या, मिळाली नाही तर घेऊ नका. कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचा कोड तर कधीच नको, त्याच्या मालकीवरून वाद होतो.

एआयची साधनं वापरलेली चालतात का?

ग्राहकाला विचारून वापरा. त्याचा खासगी कोड किंवा किल्ल्या कुठल्याही चौकटीत चिकटवू नका. आणि मुलाखतीत ज्या ओळीचं कारण सांगता येणार नाही ती ओळ कोडमध्ये ठेवू नका, बोट नेमकं तिच्यावरच ठेवलं जातं.

काम मिळालं. पहिल्या महिन्यात काय सांभाळायचं?

पहिल्या आठवड्यात काहीतरी लहान, पण पूर्ण करून पाठवा, मग ते रीडमीतली चूक दुरुस्त करणं का असेना. प्रकल्प आपल्या मशीनवर उभा करताना जिथे जिथे अडलं ते लिहून ठेवा आणि तेच पहिली पुल रिक्वेस्ट म्हणून द्या. पुढच्या नव्या माणसाला ते लागतंच. रोज काम संपवताना तीन ओळी टाका: काय झालं, काय अडलंय, उद्या काय. उशीर होणार असेल तर मुदतीच्या दिवशी सांगू नका, कळलं त्या दिवशी सांगा.

घरचे म्हणतात, दिवसभर घरीच तर असतोस, जरा बाजारात जाऊन ये.

दार लावून बसा आणि कामाच्या वेळा फ्रिजवर चिकटवा. आईला पहिला पगार जमा झाल्याचा मेसेज दाखवला की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा म्हणजे गॅसचं सिलिंडर आलं की दार तुम्हीच उघडायचं, तो सुटत नाही.